चावून धरा, बोलू नका

"हा बोळा आता घट्ट चावून धरा. पाऊण तास तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही," असं दातांचे डॉक्टर बजावतात आणि हातमोजे काढता काढता विचारतात, "घरी सोबतीला कोण आहे? बीपीची गोळी सकाळी घेतली होती ना? कोणती घेता?"

दाढ काढून घेतलेले गृहस्थ यावर "म्म" म्हणतात. डॉक्टरांना तेवढं पुरतं. बाहेर काउंटरवरची मुलगी विचारते, "रोख की ऑनलाइन?" पुन्हा "म्म." ती क्यूआर कोड पुढे सरकवते, म्हणजे तिलाही समजलं. अडतं ते रिक्षावाल्यापाशी. "कुठं जायचं, काका?" "म्म म्म." तो वळून गृहस्थांच्या फुगलेल्या गालाकडे आणि ओठाच्या कोपऱ्यातल्या लाल रेघेकडे बघतो आणि समजुतीने सांगतो, "आधी खाली पिचकारी मारून घ्या, मग निवांत सांगा."

नेमकी पिचकारीच मारायची नसते. गृहस्थांच्या खिशात डॉक्टरांनी दिलेला छापील कागद असतो आणि त्यावरची पहिली ओळच 'थुंकू नका' अशी असते. ही सूचना आपल्याकडे जिन्यात, फलाटावर, सरकारी कचेरीच्या कोपऱ्यात रंगवलेली असते आणि ती वाचून कैक लोकांना थुंकायची आठवण होते. कागदावर पुढे ओळीने येतं: चोवीस तास चूळ भरू नका. गुळण्या करू नका. स्ट्रॉने काही पिऊ नका. गरम, तिखट, कडक खाऊ नका. विडी, सिगारेट, तंबाखू, दारू नको. जड उचलू नका. जागेला बोट लावू नका. जीभ लावू नका. म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं एवढंच की एक दिवस काही करू नका. आणि घरात एक माणूस आजारी असताना कुणीच काही करायचं नाही, ही गोष्ट मराठी कुटुंबात अजून कुणाला जमलेली नाही.

तसं पाहिलं तर काहीही न करण्यामागचं कारण सोपं आहे. दाढ निघाली की हाडात खड्डा उरतो. त्यात रक्त साचतं, गोठतं आणि त्याची एक मऊ, गडद लाल गुठळी तयार होते. उघडं पडलेलं हाड आणि तिथल्या नसांची टोकं या गुठळीखाली झाकली जातात आणि तिच्याच आधाराने खालून नवं मांस भरून येतं. बोळा चावायचा तो ही गुठळी बसावी म्हणून. थुंकायचं नाही, ओढून प्यायचं नाही, कारण तोंडात ओढ बसली की गुठळी जागेवरून हलते. शरीर आपलं काम बिनबोभाट करत असतं. त्याला फक्त कुणी मध्ये येऊ नये एवढंच हवं असतं.

मध्ये येणारी पहिली व्यक्ती म्हणजे खुद्द गृहस्थ. घरी पोचल्यावर ते आरशासमोर उभे राहतात आणि 'थांबलं का बघू' म्हणून बोळा काढतात. थांबलेलं नसतं. बोळा परत ठेवतात. पाच मिनिटांनी पुन्हा बघतात. दर वेळी नुकती धरू लागलेली गुठळी बोळ्याला चिकटून बाहेर येते आणि पुन्हा श्रीगणेशा. शेवटी न राहवून ते बेसिनमध्ये थुंकतात आणि पांढऱ्याशुभ्र बेसिनकडे बघून त्यांचे पाय लटपटतात. लाळेत चार थेंब रक्त मिसळलं तरी अख्खं बेसिन रंगतं, हे शांतपणे विचार केला तर पटण्यासारखं आहे. पण त्या वेळी शांतपणे विचार करणारं घरात कुणी नसतं. "अगं बाई!" असा बायकोचा आवाज येतो, मागोमाग मातोश्री, मागोमाग शेजारचे काका. तेही न बोलावता.

खरं म्हणजे रक्त थोडं झिरपत असेल तर स्वच्छ गॉझ घडी करून आणखी अर्धा तास दाबून धरायचा. काही डॉक्टर ओली करून पिळलेली गार टी-बॅग चावायला सांगतात, कारण चहातलं टॅनिन रक्त धरायला मदत करतं. ज्या माणसाला गरम चहाची बंदी, त्याला चहाची पुडी चघळायला मिळते. त्यावरही गृहस्थ कुरकुरतात, "साखर नाहीच का?"

दरम्यान बधिरपणा टिकून असतो. दोन-चार तास वरचा ओठ नक्की कुठे संपतो ते कळत नाही आणि अर्धा गाल परक्या माणसाचा वाटतो. या अवस्थेत गाल, ओठ चावला जाऊ नये म्हणून खाण्यापिण्याला मनाई असते. तरी गृहस्थ 'एक घोटच' म्हणून चहा मागवतात. तो ओठाच्या कोपऱ्यातून परस्पर सदऱ्यावर उतरतो. सदरा ओला झाला हे लगेच दिसतं. चहा कढत होता हे तीन तासांनी कळतं.

ज्या औषधाने हा बधिरपणा येतो त्या लिग्नोकेनचा शोध १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन या रसायनशास्त्रज्ञाने लावला आणि १९४८ मध्ये ते बाजारात आलं. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८४४ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या हॉरेस वेल्स या दंतवैद्याने लाफिंग गॅस हुंगून स्वतःचीच दाढ उपटून घेतली आणि दुखलं नाही म्हणून तो हरखून गेला. पुढच्याच महिन्यात बॉस्टनमध्ये त्याने भर सभेत प्रयोग करून दाखवला. रोगी ओरडला, लोकांनी थोतांड म्हणून हुर्यो उडवली. दाढ काढताना दुखू नये यासाठी माणसांनी इतक्या खस्ता खाल्ल्या. दाढ काढल्यावर भेटायला येणाऱ्यांवर मात्र अजून औषध निघालेलं नाही.

ही मंडळी संध्याकाळी येतात. प्रत्येकाकडे आपापला उपाय असतो आणि तो रामबाण असतो. मातोश्री लवंगेच्या तेलाची बाटली घेऊनच बसलेल्या असतात. शेजारच्या काकूंचं मत हळद-मिठाला. काकांचा विश्वास ब्रँडीच्या बोळ्यावर. तो बोळा नंतर कुणाकडे राहणार, हे काकूंच्या चेहऱ्यावरून कळतं. मेहुणे व्यवहारी असतात. "भाऊजी, ॲस्पिरिनची गोळी त्या जागेवर दाबून ठेवा. दोन मिनिटांत आराम." ॲस्पिरिन हिरडीवर ठेवलं की हिरडी भाजते आणि तिथे पांढरा चट्टा उठतो. शिवाय त्याने रक्त गोठायला उशीर होतो, तो वेगळाच. मेहुण्यांना हे सांगितलं तर ते म्हणतात, "माझ्या साडूंना गुण आला होता." साडूंच्या गुणापुढे औषधशास्त्राचं काही चालत नाही.

"वरची की खालची?" काका विचारतात.

गृहस्थ बोटाने वर दाखवतात.

"अरेरे. वरची काढायला नको होती. डोळ्यांवर जातं. नजर अधू होते."

दातांची संवेदना मेंदूकडे नेते ती पाचव्या क्रमांकाची नस आणि दृष्टी नेते ती दुसऱ्या क्रमांकाची. दोघींचा रस्ता वेगळा, कामं वेगळी. वरची दाढ काढल्याने कुणाची नजर जात नाही. पण हे सांगायचं कुणी? ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या तोंडात बोळा असतो. काका समोरच्याच्या चष्म्याकडे बोट दाखवून म्हणतात, "बघा, लागला ना नंबर?" चष्मा मॅट्रिकपासूनचा असतो.

काही जण रिकाम्या हाताने येत नाहीत आणि तो आणखी मोठा धोका. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपली रीत आहे. शहाळेवाला ते सोलतो, भोक पाडतो आणि अगत्याने स्ट्रॉ खोचून देतो. कागदावर ज्याची स्पष्ट शब्दांत बंदी असते तीच वस्तू अशी प्रेमाने समोर येते. पाणी पेल्यात ओतून घेतलं की प्रश्न मिटतो. पण पाहुण्यांना वाटतं, आपण आणलेल्या शहाळ्याचा अपमान झाला. दुसरे कुणी 'दिवाळीचा थोडा उरला होता' म्हणून चिवड्याचा डबा आणतात. चिवडा हा दाढ काढलेल्या माणसाचा उघड वैरी आहे. त्यातला प्रत्येक घटक कडक तरी असतो किंवा बारीक तरी आणि बरेचसे दोन्ही.

पहिल्या दिवशी खायला परवानगी असते ती गार किंवा कोमट आणि मऊ पदार्थांची. गुरगुट्या भात, पातळ खिचडी, दही, कुस्करलेलं केळं. आणि आइस्क्रीम. लहानपणी ज्या आइस्क्रीमने दात किडतील म्हणून धाक घातला जायचा, तेच पन्नाशीत औषध म्हणून लिहून मिळतं. ते चमच्याने खायचं, कोन चावायचा नाही आणि त्यात काजू-बदाम नकोत. गृहस्थ या एका सूचनेचं मात्र कसोशीने पालन करतात. मधुमेह असल्याचं डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं होतं, हे बायकोला तेव्हाच आठवतं.

अशा काही गोष्टी सांगायच्या नेहमीच राहून जातात. "कसली गोळी चालू आहे का?" या प्रश्नाला बरेच जण ठासून "काही नाही" म्हणतात. मग घरी आल्यावर निघते रक्त पातळ करायची गोळी, तीही पाच वर्षांपासूनची. दुसऱ्या टोकाला मेहुण्यांच्या सल्ल्याने तीच गोळी परस्पर आठवडाभर बंद करून येणारे असतात. त्या गोळीचं काय करायचं हे ठरवायचं डॉक्टरांनी. तिथे मेहुणे नकोत.

तंबाखूवाल्यांची कथा निराळी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि ती किती पाळली जाते हे दातांच्या डॉक्टरांना रोज सकाळी दहा वाजता कळतं. त्यांच्याशी होणारा संवाद साधारण असा असतो.

"डॉक्टर, तंबाखू चालेल?"

"नाही."

"थोडी?"

"अजिबात नाही. निदान तीन दिवस."

"मग मशेरी?"

"मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच ना?"

"ती मी डाव्या बाजूने लावतो. दाढ उजवी काढलीय."

तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. सिगारेट ओढताना बसणारी ओढ गुठळीला घातक. डावी-उजवी बाजू निकोटिनला कळत नाही. डॉक्टर तीन दिवस म्हणतात तेव्हा कायमचंच सोडा असं त्यांना सुचवायचं असतं. रुग्ण ते तीन दिवसांचं गणित घड्याळ लावून करतो आणि तिसऱ्या रात्री अकराला टपरीवर हजर होतो.

शेकाचाही घोटाळा ठरलेला. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ लावायचा, फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. पण बर्फ म्हटलं की घरात शहारा येतो. "सर्दी होईल," असं म्हणून मातोश्री तव्यावर फडकं गरम करून आणतात आणि ऊब लागून गाल आणखी फुगतो. सूज तशीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तीत जास्त असते, मग उतरते. त्याच दिवशी ऑफिसात महत्त्वाची मीटिंग असते. साहेब फुगलेल्या गालाकडे बघत म्हणतात, "आधी तोंडातलं संपवून घ्या, मग बोलू."

चोवीस तास उलटले की चित्र पालटतं. कालपर्यंत ज्याची मनाई होती ते आता करायचं असतं. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, खाल्ल्यानंतर, दिवसातून चार-पाच वेळा. पाणी तोंडात घ्यायचं, मान इकडेतिकडे कलती करायची आणि ते आपोआप बाहेर पडू द्यायचं. गृहस्थांना हा प्रकार मिळमिळीत वाटतो. गुळणी म्हणजे गळ्यातून आवाज निघाला पाहिजे, खालच्या मजल्यावर ऐकू गेलं पाहिजे, अशी त्यांची पिढीजात समजूत. एक दिवस दाबून ठेवलेला सगळा उत्साह मिठाच्या पाण्यातून बाहेर पडतो आणि त्याबरोबर बिचाऱ्या गुठळीचाही बळी जातो.

दात घासण्याबाबत दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, जखम आहे, आठवडाभर ब्रशला हात लावायचा नाही. या पंथाच्या माणसाशी बोलताना समोरचा हळूहळू मागे सरकत जातो. दुसरा पंथ खड्डाच घासून लख्ख करतो. डॉक्टरांना यातलं काहीच नको असतं. बाकीचे दात नेहमीसारखे मऊ ब्रशने घासायचे आणि ती जागा तेवढी सोडायची, इतकं ते साधं असतं. म्हणूनच ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि जीभ? तिला कुणाचंच ऐकायचं नसतं. रात्री दोन उशा घेऊन, डोकं उंच ठेवून गृहस्थ आडवे होतात. घर शांत होतं आणि जीभ पाहणीला निघते. जिभेला तो खड्डा मुंबई-गोवा महामार्गावरच्या खड्ड्याएवढा लागतो. ती कडेने फिरते, आत डोकावते, टाक्याचं टोक सापडलं तर त्याच्याशी खेळत बसते. पाचव्या दिवशी तिला तिथे काहीतरी टणक, गोल लागतं. गृहस्थ हादरतात. हाडाचा तुकडा! आरसा येतो, मोबाइलचा टॉर्च येतो, बायको एका हाताने गाल ओढून आत बघते. बराच वेळ बघते. मग म्हणते, "अहो, मोहरी आहे. परवाच्या वरणाची." फोडणीतली ती एक मोहरी दोन दिवस हिरडीच्या कडेला ठाण मांडून बसलेली असते. काडी, सुई, केसातली पिन असले तिच्यावरचे प्रयोग टाळून कोमट पाण्याची हलकी चूळ भरली की ती येते बाहेर. नाही आली तर डॉक्टर काढतात.

ज्याला इंग्रजीत ड्राय सॉकेट म्हणतात तो प्रकार बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. साध्या दाढा काढल्यावर शंभरात साधारण दोन ते पाच जणांना तो होतो. खालच्या अक्कलदाढांच्या बाबतीत प्रमाण बरंच जास्त. ज्यांना होतो त्यांना मात्र तो ब्रह्मांड दाखवतो. गुठळी निघून जाते, हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवस बरं वाटून झाल्यावर अचानक ठणका सुरू होतो. तो कानापर्यंत चढतो. तोंडाला घाण वास येतो, नेहमीची गोळी लागू पडत नाही. या वेळी सरळ डॉक्टरांकडे जायचं असतं. पण गृहस्थ जात नाहीत. "परत गेलो की परत पैसे," असा त्यांचा हिशेब. मातोश्री मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात. मेहुणे फोनवरून साडूंना विचारतात. साडूंचा फोन बंद असतो.

अखेर एक रात्र जागून काढल्यावर सकाळी सात वाजता गृहस्थ दवाखान्याच्या बंद शटरसमोर उभे असतात. डॉक्टर खड्डा धुतात, औषधात भिजवलेली छोटी पट्टी आत ठेवतात आणि थोड्याच वेळात ठणका उतरू लागतो. घरी आल्यावर तोंडाचा वास घेऊन मातोश्रींचे डोळे चमकतात. "लवंग आहे ही!" असते खरीच. त्या पट्टीत युजेनॉल असतं आणि युजेनॉल हे लवंगेच्या तेलातलंच मुख्य द्रव्य. "चार दिवस मी काय कंठशोष करत होते? तेव्हा लावू दिलं असतं तर?" तेव्हा ताज्या जखमेत बाटलीतलं नुसतं तेल ओतलं असतं तर हिरडी भाजली असती. डॉक्टर ते मोजून, मिसळून, गरज पडल्यावर वापरतात. पण हा बारीक फरक समजावून सांगण्याची ही वेळ नव्हे. त्या दिवसापासून दंतवैद्यकातला मातोश्रींचा अधिकार घरात कायम होतो.

पुढे सगळं सुरळीत होतं. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशीच बंद केलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या 'पुढच्या वेळी उपयोगी पडतील' म्हणून देव्हाऱ्याखालच्या खणात जातात. तिथे मागच्या वेळच्याही असतात. हिरडी दोन-तीन आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला काही महिने लागतात. महाराष्ट्रात कंत्राटदार न नेमता, निविदा न काढता आणि वेळेवर भरणारा हा बहुधा एकच खड्डा. त्यात कुणी बोटं घालू नयेत म्हणजे झालं.

तेव्हा दाढ काढलेल्या माणसाला भेटायला जाणाऱ्यांना विनंती अशी: ज्याचं उत्तर मानेने देता येईल असाच प्रश्न विचारा. चिवडा नेऊ नका. शहाळं नेलंत तर पाणी पेल्यात ओतून द्या. दाबूनही रक्त थांबत नसेल, ताप आला असेल किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो कानावर हात धरून बसलेला दिसला तर उपाय सुचवू नका, त्याला दवाखान्यात घेऊन जा. आणि अक्कलदाढेबरोबर अक्कलही गेली का, हे त्याला विचारू नका. सकाळपासून चौघांनी विचारून झालेलं असतं.